जिन्यावरची पाठमोरी

ह्यांची पहिली बायको एका जुन्या कृष्णधवल सिनेमात आहे. कादंबरीवरून काढलेला, धुक्यातली हवेली, मालकाने लपवलेलं दुःख, असा. मेजवानीच्या प्रसंगात जिना चढणाऱ्या गर्दीत ती चार सेकंद दिसते, तीही पाठमोरी. तिचं तेवढंच चित्र उरलंय.

ह्यांची दृष्टी गेल्यापासून दर रविवारी दुपारी शेजारी बसून मी सिनेमा सांगते. जिना आला की हे माझा हात धरतात.

“दिसली का गं?”

“दिसली. पाठमोरीच आहे.”

गेल्या महिन्यात तिचा कान दिसला. मागच्या रविवारी गाल. मी ह्यांना ते सांगितलं नाही. वीस वर्षं संसार मी केला. चार सेकंदांचा हेवा वाटतो, हे कोणत्या तोंडाने सांगू?

आज ती जिन्यावर थांबली. गर्दी तिला वळसा घालून वर गेली. ती पूर्ण वळली. डोळे रडून सुजलेले होते. गर्दीतल्या बायकांना सिनेमात बोलायला काही नसतं, तरी तिचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही.

“दिसली का गं?”

“दिसली,” मी म्हणाले. “पाठमोरीच आहे.”

ह्यांनी माझा हात अलगद सोडला.

“मग आत्ता मला हाक कोणी मारली?”