नमुन्याची गाडी

टेम्पोतून गाडी खाली उतरली. तांड्यावरच्या बायांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि मग सगळ्या मिळून पुष्पाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात यवतमाळच्या कृषी प्रदर्शनात त्यांनी पाहिलेली गाडी ही नव्हेच. तीही बॅटरीवर चालणारी, तीन चाकांची, माल वाहायचीच होती, पण ती पडली नमुन्याची. तिला दोन सीट होत्या, दरवाजे होते, टपावर सौर पाट्या होत्या आणि समोर एवढा मोठा पडदा, की त्यावर नेरचा रस्तासुद्धा दिसायचा. हिला सीट एक. दरवाजांच्या जागी ताडपत्री. टप साधा पत्र्याचा, आणि पडदा म्हणाल तर मनगटावरच्या घड्याळाएवढा.

"नमुना पाह्यला एक," तानाबाई म्हणाली, "आन आला भलताच नमुना."

बायांची हसून पुरेवाट झाली. पुष्पाही हसली, पण तिला हे हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. अकरा घरांनी तिला शब्द दिला होता, की गाडी आली की आमची भाजी तुझ्याच गाडीतून नेरच्या बाजारात जाईल. आजवर ही भाजी बायांच्या डोक्यावरून सडकेपर्यंत जायची, आणि तांड्यापासून सडकेपर्यंत नुसता चढ. लग्न होऊन आल्यापासून पुष्पानं तो चढ टोपलं घेऊन चढला होता. म्हणून तर तिनं हट्टानं लायसन काढलं. गाडी चालवणारी तांड्यातली ती पहिलीच बाई ठरणार होती.

शोरूमचा नयन गाडी घेऊन आला होता. माणूस सरळ, त्यानं लपवाछपवी केली नाही. नमुना लोकांनी बघावा म्हणून बनवतात ताई, आणि विकायची गाडी लोकांना परवडावी म्हणून, असं त्यानं स्पष्टच सांगितलं. आज माल भरा, चढवून बघा. चढली तर सही करा, नाही चढली तर मी आल्या पावली परत नेतो.

बायांनी मागचा फाळका पाडला आणि टोपली, पोती हाताशी आली तशी ठेवली. माल सगळा मागेच साचला, पुढची जागा तशीच राहिली. पुष्पानं चिंतामणीचं नाव घेतलं आणि गाडी काढली.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग खडा चढ लागला आणि पुढचं चाक चांगलं वीतभर उचललं गेलं. हँडल हातात फिरतंय, पण गाडी काही वळेना. पुष्पानं ब्रेक दाबला, गाडी हळूहळू मागे घेतली आणि सपाटीवर आणून उभी केली.

नयन म्हणाला, दोन खेपा करा, अर्धा अर्धा माल न्या. पण दुसरी खेप पोचेपर्यंत बाजार उतरलेला असणार, तेव्हा त्या खेपेत आपला माल कोण घालणार? तानाबाईनं गुपचूप आपलं टोपलं खाली ओढलं. ते बघून पुष्पाला रडूच आलं. तिनं डोळे पदरानं पुसले, पण सगळ्यांना दिसलंच.

इतका वेळ दगडावर बसलेली रुपीबाई, पुष्पाची सासू, आता उठली. तिनं पुढचा दांडा धरून गाडी हलवून पाहिली, मागे जाऊन पाहिली, आणि नयनला विचारलं, की बॅटरी कुठं बसवली.

"नमुन्यात सीटखाली होती, मावशी," नयन म्हणाला. "आता मागं गेली."

"मंग बैलावानी मागच्या पुठ्ठ्यावर आधीच वझं हाय तिच्या," रुपीबाई म्हणाली. "आन तुमी त्यावरच लादून राह्यल्या."

लदेणी तिनं डोळ्यांनी पाहिली नव्हती. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून गावोगाव माल न्यायचा तो धंदा तिच्या आज्याच्याही आधी बुडाला. पण घाट चढताना गोणी मानेकडे सरकवायची आणि उतरताना मागे, एवढं तिच्या कानावर लहानपणापासून पडत आलेलं. तिनं सगळा माल उतरवायला लावला. जड पोती पुढच्या पत्र्याला टेकवून रचली, टोपली त्यामागे, आणि शेवटची हातभर जागा मोकळी सोडली. तानाबाईचं टोपलंही तिनं न विचारता उचलून आत ठेवलं.

"चाल आता," ती पुष्पाला म्हणाली. "घाई नोको करू."

"याडी, पुन्हा उचललं तं?"

"उतरशीन. आन पुन्हा लादू."

आईला म्हणावं तसं पुष्पा सासूला याडीच म्हणायची. तिनं मान हलवली आणि गाडी काढली. गाडी कण्हत, बायांच्या चालीनं चढू लागली. बाया दोन्ही बाजूंनी चालत होत्या आणि सगळ्यांचे डोळे पुढच्या चाकावर. खड्या चढाला चाक थरथरलं, पण जमीन सोडली नाही. गाडी सडकेला लागली तेव्हा पुष्पा वेड्यासारखी हसत होती.

नयननं सहीचा कागद पुढे केला. बॅटरी पुढं पाहिजे होती, हे मी कंपनीला नक्की कळवतो, असं तो म्हणाला.

"कळवजो, बापू," रुपीबाई म्हणाली. "आन पुढच्या टायमाले नमुना दाखवायचा असन, तं इथं चढावर आणजा. मांडवात तं कोणताबी नवरदेव देखणाच दिसते."

पुष्पानं सही केली आणि गाडी नेरच्या दिशेनं वळवली. थोडं पुढे गेल्यावर तिनं आरशात पाहिलं. बाया अजून सडकेवरच उभ्या होत्या. डोक्यावर काही नाही, तेव्हा हातांचं काय करावं, हे कोणालाच सुचत नव्हतं. तानाबाईचा एक हात तर वर डोक्याशीच होता, नसलेलं टोपलं धरून.