रेवाचा घास

डॉक्टर तडवींनी पाच वर्षांच्या रेवाच्या गळ्यावर एक पातळ पट्टी चिकटवली आणि तशीच दुसरी तिच्या बाबांच्या, हेरंबच्या गळ्यावर.

"आता तिला जे जाणवेल, ते तुम्हालाही जाणवेल," त्या म्हणाल्या.

रेवाने पोळीचा लहानसा तुकडा गिळला. तो हेरंबच्या छातीत अडकला आणि आग होत हळूहळू खाली सरकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अन्ननलिकेला सूज आहे. औषधाने उतरेल," डॉक्टर म्हणाल्या.

दोन वर्षं हेरंब तिला नखरेल म्हणत, दटावून भरवत आला होता.

"इतकं दुखतं, हे सांगितलं का नाहीस गं?" त्याने विचारलं.

रेवा गोंधळली. "सगळ्यांनाच दुखतं ना? तुम्ही मोठे आहात म्हणून रडत नाही."