खुडूक

शिरूरहून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीत संसार चढला. उरल्या त्या मंगलच्या कोंबड्या. बाकीच्या मुकाट डालग्यात शिरल्या, पण एक खुडूक होती, अंड्यांवरून हलेना. सासूने परंपरेला अनुसरून बादलीत गार पाणी भरले: खुडूक कोंबडीला बुडवले की तिचे पिलांचे वेड उतरते आणि ती अंडी देऊ लागते. “आत्याबाई, नका. फडावर पिलं निघतील, चार कोंबड्या वाढतील.” “अन् पिलांमागं तू फिरल्यावर कोयता कोण चालवंल बये? खाडा पडंल, मुकादम पैसे कापंल!” पाळीच्या दिवसांतला खाडा टाळण्याच्या उदात्त हेतूने, मुकादमाच्या सल्ल्याने, सासूच्या संमतीने गतवर्षी पंचविशीतल्या मंगलची गर्भपिशवी काढण्यात आली होती. तिने बादली अंगणात उपडी केली. “मला बुडवलंत, तेवढं लई झालं.” ट्रॉली निघाली तेव्हा कोंबडी अंड्यांसकट तिच्या ओटीत होती. पहिल्याच खड्ड्यात अंडी फुटली. कोंबडी ओल्या पदरावर बसूनच राहिली.