गोदामातला डायलॉग

सगळ्यात भारी पिक्चर कुठला, असं वडगावात कुणीही विचारलं की सूरज एकच सांगायचा. गांजा ओढून टाइट झालेले दोन दोस्त आणि त्यांच्या मागं लागलेले बंदूकवाले, तो. "असला पिक्चर परत होणे न्हाय."

यंत्रमागाच्या खांबाला मोबाईल टांगून त्यानं आणि शेजारच्या मागावरच्या मंथननं तो वीसेक वेळा बघितला होता. मागांच्या खडखडाटात मोबाईल कुठला ऐकू येतोय. पण मंथनला सगळा पिक्चर पाठ. सूरजच्या कानाला तोंड लावून तो एकेक डायलॉग ओरडून सांगायचा.

गोदामातला सीन सूरजचा लाडका. बाहेर गोळ्या सुटतायत आणि आत त्या दोन दोस्तांतला बारक्या जाड्याला म्हणतोय, "मला लई भ्या वाटतंय रं. आज घरला जाऊ नको, माझ्याजवळच थांब."

सूरज दर वेळी पोट धरून हसायचा. "काय लिवलंय रं मंथ्या," म्हणत त्याच्या पाठीत थाप मारायचा आणि पाळी संपली की घरची वाट धरायचा.

गणपतीनंतर मंथननं जीव दिला. का, ते कुणालाच कळलं नाही.

काल अमावास्या, सगळे माग बंद. सूरजनं पुन्हा तोच पिक्चर लावला आणि पहिल्यांदाच त्याला मोबाईलचा आवाज नीट ऐकू आला.



गोदामात बारक्याचं तोंड हलत होतं, पण तो नुसता शेंगा खात होता. बोलला काहीच नाही.