राखलेला बोकड

व्यापाऱ्याने हातावर उपरणं टाकलं. त्याखाली बोटं धरून भाव ठरायचा. पण कोंडाबाईने हात पुढे केलाच नाही.

"मावशी, असला बोकड अख्ख्या बाजारात न्हाई. हात दे की!"

दरवर्षी ती सगळ्यात दांडगा बोकड आधी विकायची. मागे मरतुकडे उरायचे आणि कळपात करडंही तशीच निपजायची. यंदा तिने मरतुकडे विकले आणि जुळी देणाऱ्या, दुधाळ शेळीचा हा बोकड राखला.

"ह्यो इकायचा न्हाई."

"मग बाजारात आणलास कशाला?" व्यापारी वैतागला.

"दाखवायला!" बोकडाच्या पाठीवर थाप मारत कोंडाबाई साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली. "शेळ्या माजावर आल्या, की माझ्या दारात आणा. पुढच्या साली तुमच्या दावणीलाबी असलाच उभा ऱ्हाईल."