बोलती बंद करणारे सिनेमे

मागच्या शनिवारी सिनेमा संपल्यावर आम्ही नवरा-बायको बावन्न मिनिटं बोललो नाही. मी घड्याळ पाहिलं होतं. कुणी फारसे न पाहिलेले, काळीज पिळवटणारे सिनेमे आम्ही शोधून बघतो आणि ग्रुपवर सुचवताना ताऱ्यांऐवजी ही मिनिटं लिहितो. बावन्न हा विक्रम होता. "वहिनी, रडून रडून पार वाट लागली. पुढचा सांगा!" यांच्या मित्राचा लगेच मेसेज आला.

काल ऐन वेळी टीव्ही बिघडला. सिनेमा लागलाच नाही. आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना नुसते बसून राहिलो. सवयीने मी घड्याळ पाहिलं.

त्रेपन्नाव्या मिनिटाला, वर्षभर मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं, "आपण वेगळं होऊ या."