आधीचा कायदा

धनी गेल्यावर सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून हौसाबाई सातव्यांदा चावडीत आली. तलाठी भाऊसाहेब नेहमीसारखेच गोड हसले. "सोमवारी नक्की! कायद्याला वेळ लागतो, मावशी. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे."

"आमचा त्याच्याबी आधीचा हाय, भाऊसाहेब." हौसाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली आणि जेजुरीचा भंडारा त्यांच्या टेबलावर ठेवला. "ह्यो उचला, आन् खंडोबाची आण घिऊन म्हणा, सोमवारी नक्की."

भाऊसाहेबांचा पुढं आलेला हात तिथंच थबकला. मग तो हळूच वळला आणि त्यानं फेरफाराची वही ओढली.

"देवाला कशाला मध्ये आणता, मावशी? कायदा आहे की! सांगा, पूर्ण नाव सांगा."